अलास्काच्या हवाईप्रवासातील न मोजलेले ओझे

१२ सप्टेंबर २०२३ रोजी अलास्कातील सेंट मेरीज या गावापासून दूर, एका टेकडीवरील कच्च्या पट्टीवरून उडालेले पायपर सुपर कब जातीचे छोटे विमान थोड्याच वेळात कोसळले. त्यात एकटा वैमानिक होता आणि तो दगावला. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तत्कालीन सदस्य मेरी पेल्टोला यांचे ते पती होते. शिकाऱ्यांनी मारलेल्या मूसचे, म्हणजे उत्तरेकडील महाकाय हरणाचे, मांस ते वाहून नेत होते आणि त्या दिवसातील ही त्यांची दुसरी खेप होती. विमानाचे वजन मर्यादेपेक्षा अधिक होते आणि मूसची शिंगे पंखाच्या आधारदांडीला बाहेरून, आवश्यक मान्यतेविना बांधली होती, असे तपासात आढळले.

या अपघाताला केवळ वैमानिकाचे धाडस म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण अलास्कातील सुमारे ८२ टक्के वस्त्या रस्त्यांच्या जाळ्याबाहेर आहेत; राजधानी जुनोलाही रस्त्याने जाता येत नाही. तेथे विमान हीच बैलगाडी आणि हाच टेम्पो. नदीपात्रातील वाळूचा पट्टा, डोंगराची धार, गोठलेले तळे, जे सापडेल ते धावपट्टी ठरते.

त्यात कायद्याचीही एक बाजू आहे. शिकारीचे खाण्याजोगे मांस रानात टाकून देणे अलास्कात गुन्हा आहे. एका मोठ्या मूसपासून सव्वादोनशे किलोच्या आसपास मांस मिळते, तर सुपर कबमध्ये वैमानिकामागे एकच आसन असते. मांस नासण्यापूर्वी हलवायचे, दिवस मावळण्यापूर्वी परतायचे, आणि रानात वजनकाटा नाही. गाठोडी हाताने उचलून अंदाज बांधला जातो. पहिली खेप सुखरूप पोहोचली की तो अंदाज खरा वाटू लागतो. खरा धोका या खात्रीत आहे.

विमानाचे वजन दहा टक्क्यांनी वाढले तर उड्डाणासाठी लागणारे अंतर ढोबळ हिशेबाने वीस टक्क्यांनी वाढते. जमिनीलगत पंखांना हवेचा जादा आधार मिळत असल्याने जड विमानही अपुऱ्या वेगात उचलले जाते. थोडे वर गेल्यावर तो आधार सुटतो. बाहेर बांधलेली शिंगे हवा अडवतात, तीही एकाच बाजूची. डोंगराआडून खाली येणाऱ्या वाऱ्याचा झोत मिळाला की सावरायला उंचीच उरत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२० मध्ये नोंदवले की, २००८ ते २०१७ या काळात अलास्कातील विमान अपघातांचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या २.३५ पट होते. प्राणघातक अपघातांचे मात्र १.३४ पट. त्यानंतर हवाई प्रशासनाने हवामान केंद्रे व उपग्रहाधारित मार्गांवर भर दिला. हे उपाय गरजेचेच आहेत, पण ते प्रामुख्याने नोंदणीकृत विमानतळांना व त्यांच्यामधील मार्गांना उपयोगी पडतात. टेकडीवरच्या पट्टीला ना केंद्र आहे, ना वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी.

अशा उड्डाणांवर सरसकट बंदी घातली तर दूरच्या वस्त्यांची रसदच तुटेल. शिकारीचा परवाना देतानाच मांस किती खेपांत बाहेर काढणार याचा लेखी आराखडा मागणे आणि तळावर टांगता काटा ठेवण्याची अट घालणे प्रशासनाला फारसे अवघड नाही. एक खेप वाढली तर इंधनाचा खर्च वाढेल, आणि तो शिकाऱ्यानेच सोसायला हवा.