विश्लेषण : भाजलेले लाकूड कोळशाची जागा घेईल?

कोळशावरील वीजकेंद्रांत शेतातील काडीकचऱ्याच्या पेलेट जाळण्याचे सुधारित धोरण केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये आणले. काही केंद्रांसाठी त्यात ‘टॉरिफाइड’ म्हणजे भाजलेल्या पेलेटची अट होती. हे भाजणे कशासाठी?

प्रक्रिया काय?
लाकूड किंवा पिकांचे अवशेष बंद भट्टीत २०० ते ३०० अंश सेल्सिअसला तापवतात. प्राणवायू जवळपास नसल्याने ते पेटत नाहीत. ओल आणि धूर करणारे काही घटक निघून जातात. कॉफीच्या बिया भाजण्याला फ्रेंच भाषेत हाच शब्द आहे. लोणारी कोळसा याहून बऱ्याच जास्त तापमानाला तयार होतो आणि पारंपरिक भट्टीत लाकडातील निम्म्याहून अधिक ऊर्जा वाया जाते. येथे १०० किलो कोरड्या लाकडाचे सुमारे ७० किलो इंधन उरते, पण ऊर्जा सुमारे ९० टक्के टिकते.

फायदा काय?
कच्चे लाकूड चिवट असते. भाजल्यावर ते ठिसूळ होते आणि कोळशाबरोबर दळता येते. ते पाणी कमी शोषते, त्यामुळे सहज कुजत नाही. धूर कमी होतो. लाकडात गंधक आणि राखही कोळशापेक्षा कमी असते.

मग अडचण कुठे?
‘स्वच्छ’ हा शब्द जपून वापरावा लागेल. भट्टीतून निघणारा वायू तसाच सोडला, तर प्रदूषणाची फक्त जागा बदलते. तो जाळून त्याचीच उष्णता भट्टीला द्यायला हवी. भाताच्या पेंढ्यातील पोटॅशियम भाजल्यानेही जात नाही आणि बॉयलरच्या नळ्यांवर थर धरते. झाडे तोडून हे इंधन केले, तर हवेत गेलेला कार्बन परत शोषला जायला अनेक वर्षे लागतात. म्हणून कच्चा माल टाकाऊच हवा.

महाराष्ट्रात काय शक्य?
विदर्भात वेचणीनंतर अनेक ठिकाणी पऱ्हाट्या शेतातच जाळल्या जातात. गुलाबी बोंडअळी रोखायची तर शेत वेळेत मोकळे करावेच लागते. चंद्रपूर, कोराडी आणि खापरखेडा ही औष्णिक केंद्रेही विदर्भातच आहेत. मात्र पऱ्हाट्यांनी ट्रक भरतो, वजन भरत नाही. त्यामुळे भट्ट्या गावांजवळ हव्यात आणि दर उपटणी, गोळा करणे व वाहतूक यांचा खर्च निघेल असा हवा. तसे झाले नाही तर शेतकऱ्याला काडेपेटीच स्वस्त पडेल.

आणखी एक भान ठेवावे लागेल. हीच पऱ्हाटी अनेक मजुरांच्या घरी चुलीचे सरपण आहे. तिला बाजारभाव आला की फुकटचे सरपण संपेल. त्या घरांना परवडणारा गॅस मिळाला नाही, तर वीजकेंद्राची राख कमी होईल आणि सरपणासाठीची पायपीट वाढेल. धोरणाने हा हिशेब आधीच मांडायला हवा.