साक्ष देणारा लहान कळप



पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये सिनडचा प्रवास सुरू केला, तेव्हा त्यांनी ख्रिस्तसभेपुढे तीन शब्द ठेवले : ऐक्य, सहभाग आणि प्रेषितकार्य. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिनडचा अंतिम दस्तऐवज संमत झाला आणि पोप महोदयांनी स्वतंत्र पत्र न लिहिता तोच जसाच्या तसा स्वीकारला. २१ एप्रिल २०२५ रोजी ते प्रभूच्या घरी गेले. त्यांचे उत्तराधिकारी पोप लिओ चौदावे यांनी हा प्रवास पुढे चालविला आहे. ऑक्टोबर २०२८ मध्ये व्हॅटिकन येथे होणाऱ्या सभेपूर्वी प्रत्येक धर्मप्रांताने हे तीन शब्द आपल्या जीवनात कसे उतरविले, हे पाहिले जाणार आहे. मग भंडारा जिल्ह्यात त्यांचा अर्थ काय?

भंडारा हा नागपूर महाधर्मप्रांताच्या कार्यक्षेत्रातील जिल्हा. नागपूर १८८७ साली धर्मप्रांत झाला आणि १९५३ साली महाधर्मप्रांत. भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार बारा लाख. त्यात ख्रिस्ती बांधव अत्यल्प. अशा लहान कळपापुढे दोन मोह असतात. एक म्हणजे कुंपणाच्या आत शांतपणे उपासना करून समाधान मानणे, आणि दुसरा म्हणजे शाळा व दवाखान्यांची संख्या मोजून तेच आपले प्रेषितकार्य समजणे. उपासना हवीच, संस्थाही हव्यात. परंतु प्रभू येशूने स्वर्गारोहणापूर्वी शिष्यांवर सोपविलेले काम साक्षीदार होण्याचे होते.

‘साक्ष’ हा शब्द आपण प्रवचनांत सहज उच्चारतो. त्याची किंमत काय असते, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे भोतमांगे हे बौद्ध कुटुंब शेती करून राहत होते. त्यांच्या एका परिचिताला मारहाण झाली. त्या प्रकरणी मायलेकींनी पोलिसांपुढे साक्ष दिली. २९ सप्टेंबर २००६ रोजी जामिनावर सुटलेल्या आरोपींसह जमावाने त्यांचे घर गाठले आणि आई, मुलगी व दोन मुले अशा चौघांची निर्घृण हत्या केली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली आठ जणांना दोषी ठरविले; त्यांपैकी सहा जणांची फाशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१० साली पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. या गुन्ह्याला अॅट्रॉसिटी कायदा लागू होतो, हे दोन्ही न्यायालयांनी मानले नाही. एकाकी उरलेले पिता भैयालाल २०१७ साली निवर्तले.

२९ सप्टेंबर हा आपल्या उपासनावर्षात मिखाएल, गाब्रिएल व राफाएल या महादूतांचा सण आहे. त्या दिवशी आपण मिस्सा अर्पण करतो. आपल्या शेजारी साक्ष देणारे मारले गेले, हे त्या प्रार्थनेत आपल्याला आठवते काय? भल्या शोमरोन्याच्या दाखल्यात याजक व लेवी यांनी कोणाला मारले नव्हते. ते फक्त दुसऱ्या बाजूने निघून गेले. अशा निघून जाण्यालाही प्रभूने दोष दिला आहे.

आता अंतर्मुख होऊ या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधवांना त्या मिळाल्या, दलित ख्रिस्ती मात्र वगळले गेले. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आपली मागणी न्याय्य आहे. परंतु ती करताना आपण मान्य करतो की, बाप्तिस्मा घेतल्यावरही जातीचा जाच संपलेला नाही. हा जाच केवळ बाहेरचाच असतो, असेही नाही. भारतीय महागुरुस्वामींच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेतील जातिभेदाची उघड कबुली दिली. सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची जागा आणि गरिबाला पायाशी, हे वर्तन संत याकोबाच्या पत्रानेही निषिद्ध मानले आहे.

म्हणून सामाईक मूल्यांची कसोटी आपल्या धर्मग्रामातच लागते. धर्मग्राम परिषदेत मजुरी करणाऱ्या कुटुंबांचे प्रतिनिधी आहेत काय, आणि ते बोलतात तेव्हा त्यांचे ऐकले जाते काय? सोयरीक जुळविताना आपण आधी श्रद्धा विचारतो की जात? शेजारच्या बौद्ध, हिंदू वा मुस्लिम बांधवावर अन्याय झाला, तर पोलीस ठाण्याची पायरी चढताना त्याच्याबरोबर आपल्यापैकी कोणी जाईल काय?

हे काम करण्यासाठी मोठी संख्या लागत नाही, अनुदान लागत नाही. सोबत जाणारी दोन माणसे लागतात. येत्या २९ सप्टेंबरला प्रत्येक धर्मग्रामाने मिस्सामध्ये खैरलांजीच्या चौघांचे स्मरण करावे आणि त्यानंतर हे तीन प्रश्न परिषदेपुढे ठेवावेत, ही नम्र विनंती.

पवित्र आत्मा आपल्याला सत्य बोलण्याचे आणि सत्य बोलणाऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याचे धैर्य देवो.