काळजी नव्हे, मंत्रचळ

परीक्षा जवळ आली की आपण मुलांना हमखास सांगतो, "पेपर पुन्हा एकदा तपासून बघ." सल्ला चांगलाच आहे. पण एखादी मुलगी एकच उत्तर दहा वेळा तपासते, हॉल तिकीट दप्तरात आहे ना हे बघायला रात्रीतून पाच वेळा उठते, लावलेलं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघते, तेव्हा काय करायचं? "फार काळजीची आहे हो आमची पोर," असं आपण कौतुकानं म्हणतो. नाही तर "पुरे तुझे चाळे!" म्हणून गप्प बसवतो.

मैत्रिणींनो, हा आजारही असू शकतो. आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे, मंत्रचळ. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. नको ती शंका मनात घुसते, जीव घाबरा होतो आणि तपासल्याशिवाय चैन पडत नाही. तपासलं की घडीभर बरं वाटतं, मग शंका परत हजर. हे उगाच चाललंय हे बहुतेकांना कळतं, पण थांबवता येत नाही. शंभरात एक-दोघांना हा त्रास होतो आणि बऱ्याचदा शाळा-कॉलेजच्या वयातच सुरू होतो.

कळंब, उमरगा, तुळजापूरकडची कितीतरी मुलं 'नीट'च्या तयारीसाठी लातूरला खोली करून राहतात. या परीक्षेत १८० प्रश्नांना १८० मिनिटं मिळतात. प्रत्येक गोल नीट काळा झालाय का, हेच बघत बसलेली हुशार मुलगी येत असलेले प्रश्नही सोडून येते. घरी मात्र ठपका आळसावर, नाही तर मोबाईलवर!

यात आईनं एक गोष्ट ओळखायला हवी. "आई, गॅस बंद केला ना गं?" असं लेकीनं विसाव्यांदा विचारलं, की आपण मायेपोटी विसाव्यांदा "हो" म्हणतो. त्यानं शंकेला खतपाणीच मिळतं. रागावलं तर ती लपून तपासते. त्यापेक्षा म्हणावं, "तुला भीती वाटतेय, कळतंय मला. पण याचं उत्तर आपण दिलंय. जरा थांबू, मी आहे जवळ." न तपासता थांबलं की भीती आधी वाढते, मग हळूहळू ओसरते. उपचारातही हेच टप्प्याटप्प्यानं शिकवतात. जबरदस्तीनं एकदम बंद करायला लावू नका. गरज असेल तर गोळ्याही देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून मध्येच सोडू नयेत.

तुळजाभवानीला साकडं जरूर घाला, पण "बाहेरचं काही असेल" म्हणून गंडेदोऱ्यांत वर्ष घालवू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. २०२२ पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. तिथं चोवीस तास, फुकट आणि मराठीतूनही बोलता येतं.

"उद्या लग्नाला अडचण येईल" या धास्तीनं लेकीचा आजार झाकणाऱ्या आया कमी नाहीत. झाकल्यानं तो जात नाही. उपचारानं बहुतेकांना चांगला आराम पडतो, आणि तो वेळेत मिळाला तर तिचं वर्षही वाचतं.