सत्कार नको, बैठक हवी

आपल्याकडे पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे संशोधन वाचते कोण? मार्गदर्शक वाचतात, परीक्षक चाळतात आणि मग तो प्रबंध कपाटात जातो. मुलगा किंवा मुलगी दोन-दोन वर्षे ज्या विषयामागे धावते, तो विषय त्याच इमारतीतल्या वरच्या मजल्यावर कोणाला ठाऊक नसतो. उर्दू विभागाला भूगर्भशास्त्राची खबर नसते आणि भूगर्भशास्त्राला उर्दूची गरज वाटत नाही.

चर्चासत्रे होतात, नाही असे नाही. पण तिथे दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, अध्यक्षीय भाषण यांत दुपार होते आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला पाच मिनिटे येतात. प्रमाणपत्र मिळाले की सभागृह रिकामे. विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा चांगली आहे. मात्र ती स्पर्धा आहे आणि विषयांचे सहा गट पाडून घेतली जाते. भाषेच्या विद्यार्थ्याची तुलना भाषेच्याच विद्यार्थ्याशी होते. त्याने शेतीच्या विद्यार्थ्याला काही विचारावे, अशी तिथली रचनाच नाही.

मला हवी आहे ती साधी बैठक. वेगवेगळ्या विषयांची आठ-दहा मुले गोल करून बसली आहेत, प्रत्येक जण पंधरा मिनिटे आपले काम सांगतो आहे आणि बाकीचे त्याला प्रश्न विचारत आहेत. एवढेच.

याची गरज काय, हे मराठवाड्यात तरी वेगळे सांगायला नको. 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि महसुलाचा कारभार उर्दूत चालायचा. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जुनी दप्तरे उघडली आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. लाखो लोकांच्या आयुष्याशी जोडलेला प्रश्न, त्याची कागदपत्रे आपल्याच जिल्ह्यात, आणि ती वाचणारे बोटांवर मोजण्याइतके! ज्या मुलांना उर्दू येते त्यांना दप्तर म्हणजे काय हे कोणी दाखवले नाही. जी मुले इतिहास आणि कायदा शिकतात त्यांना लिपी येत नाही. दोघांची कधी भेटच घडवून आणली नाही, तर दुसरे काय होणार?

गेल्या वर्षी आमच्या काही माजी विद्यार्थ्यांनी रविवारी अशी एक बैठक भरवली. मी श्रोता म्हणून गेले होते. एम.ए. उर्दूची एक मुलगी निजामकाळातल्या महसुली कागदांच्या भाषेवर बोलली. खुश्की म्हणजे कोरडवाहू, तरी म्हणजे पाण्याखालची जमीन, बाग़ात म्हणजे बागायत, असे तिने एकेक शब्द उलगडले. तिच्यासाठी तो शब्दांचा अभ्यास होता. तिच्या आधी एम.एस्सी. भूगर्भशास्त्राचा एक मुलगा विहिरींवर बोलला होता. आपल्या काळ्या पाषाणात पाणी सगळीकडे सारखे नसते, ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. म्हणून एका शेतात विहिरीला पाणी लागते आणि शेजारच्या शेतात लागत नाही, हा त्याचा मुद्दा. तो मध्येच म्हणाला, “म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कुठल्या जमिनीला पाणी होते, हे तुझ्या कागदांवरून कळेल?” ती मुलगी क्षणभर थांबली. तिच्या कागदांचा असा उपयोग तिला कोणी सांगितलाच नव्हता. पुढचा अर्धा तास ती दोघे आणि कायद्याची एक विद्यार्थिनी इनाम जमिनींवरच बोलत राहिली. हा प्रश्न त्या मुलीला तिच्या विभागात कोणी विचारला असता असे मला वाटत नाही.

अशी बैठक मराठीतच व्हावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. इंग्रजीत पाठ केलेली व्याख्या मराठीत समजावून सांगायला गेले की आपल्याला किती कळले आहे ते आपल्यालाच दिसते. पण इथे आमच्या मुलांची एक अडचण आहे. उर्दू माध्यमातून आलेला विद्यार्थी चारचौघांत मराठी बोलायला कचरतो. उर्दूत दोनच लिंगे, नपुंसकलिंग नाही. ‘किताब’ स्त्रीलिंगी, म्हणून तो ‘माझी पुस्तक’ म्हणतो आणि मागच्या बाकावर कोणीतरी हसते. त्या एका हसण्याने तो पुढची पाच वर्षे गप्प बसतो. मग ‘ही मुले मिसळत नाहीत’ असा शेरा मारायला आपण मोकळे. व्यासपीठ, माईक आणि परीक्षक नसले की ही भीती निम्मी होते. समोरचा गणितवालाही मराठीत अडखळतो आहे हे दिसले की उरलेलीही जाते.

काही प्राध्यापक म्हणतात, याने खोली येत नाही, सगळे उथळ होते. बैठक प्रबंधाची जागा घेणार नाही, हे मला मान्य आहे. पण दोन भाषा, दोन शास्त्रे जवळ आणल्याने काम उथळ होते, हे मला पटत नाही. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी 1925 साली फारसी-मराठी कोश केला, मराठीत गझल रुजवली आणि ‘छंदोरचना’ लिहिली. त्यांच्या फारसीने त्यांचे मराठी उथळ झाले असे कोण म्हणेल? ‘तारीख’, ‘खर्च’, ‘जमीन’, ‘महसूल’ हे शब्द रोज वापरणाऱ्या भाषेला दुसऱ्याचे ऐकून घेण्याची सवय जुनीच आहे. मजलिस या शब्दाचा अर्थ तरी काय? बसण्याची जागा. इल्म एकट्याने मिळवता येते, पण ते दुसऱ्यासमोर मांडल्याशिवाय तपासले जात नाही.

यासाठी अनुदान लागत नाही. रविवारी शाळांचे वर्ग रिकामे असतात. महिन्यातून एकदा बसा. प्रत्येकाला पंधरा मिनिटे द्या आणि पहिला प्रश्न दुसऱ्या विषयाच्या विद्यार्थ्यानेच विचारावा, असा नियम ठेवा. प्रमाणपत्र देऊ नका; ज्यांना तेच हवे आहे ते येणार नाहीत आणि त्याने काही बिघडत नाही. मगरिबच्या आत संपवा, म्हणजे मुलींना घरून परवानगी मागताना अडचण येणार नाही. शिक्षकांनी मागे बसावे आणि विचारल्याशिवाय बोलू नये. आपल्याला हे सर्वांत अवघड जाईल, पण सुरुवात तिथूनच करावी लागेल.