विजय हजारे आणि हॉल ऑफ फेम

विनू मंकड २०२१ साली आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. आपल्या बडोद्याचे विजय हजारे अद्याप बाहेरच. ३० कसोटी, २१९२ धावा, एवढ्यावर कसे घ्यावे, असा आक्षेप असतो. (रुग्णसंख्येवरून निदानकौशल्य आपण तरी कुठे ठरवतो?) त्यांची पहिली कसोटीच १९४६ साली, वयाच्या ३१व्या वर्षी, ऐन उमेदीची वर्षे महायुद्धाने गिळली. १९४८ साली ॲडलेडला लिंडवॉल-मिलरच्या माऱ्यापुढे त्यांनी एकाच कसोटीत ११६ आणि १४५ धावा केल्या. दुसऱ्या डावात सहा सहकाऱ्यांना खातेही उघडता आले नव्हते. कर्णधार म्हणून ते बचावात्मक, हे मान्य. तरी भारताचा पहिला कसोटीविजय, मद्रास १९५२, त्यांच्याच नेतृत्वाखालचा. नावाने करंडक आहे, तेवढे पुरे, हे मला पटत नाही.