घरपट्टीचा भार आणि लपविलेला भाडेकरू

घरपट्टी वाढली की घरमालकाच्या मनात पहिला विचार येतो तो भाडे वाढविण्याचा; ते जमत नसेल तर दुसरा येतो, भाडेकरू लपविण्याचा. आज भाड्याचे घर ही केवळ धनिकांची मिरास राहिलेली नाही. भविष्यनिर्वाह निधीतून घेतलेल्या एका सदनिकेच्या भाड्यावर उतारवय काढणारे शिक्षक व कारकूनही घरमालकच असतात. म्हणून या दोन्ही विचारांची छाननी व्हावयास हवी.

करवाढीचा भार अखेर कोणी सोसावयाचा, हे कायद्यापेक्षा बाजारच अधिक ठरवितो. करारात ठरलेले भाडे सहसा मध्येच वाढविले जात नाही; आणि शेजारची सदनिका रिकामी असेल तर पुढल्या करारातही ते वाढत नाही. आयकरातून दिलासा मिळतो, पण तो अल्प आहे. समजा, वार्षिक भाडे १,८०,००० रुपये आहे आणि घरपट्टी १८,००० वरून २४,००० झाली. मालकाने त्या वर्षी प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी भाड्यातून वजा होते व उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. म्हणजे सहा हजारांच्या वाढीने करपात्र उत्पन्न ४,२०० रुपयांनी घटते. २० टक्के दराने कर भरणाऱ्याचे, उपकर सोडून, ८४० रुपये वाचतात. उरलेले ५,१६० त्याच्याच पदरचे.

साहजिकच मोह होतो. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून घरपट्टीत ४० टक्के सवलत मिळत आली. मध्यंतरी ती बंद झाली व २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. भाड्याच्या घराला ती नाही. मग भाडेकरू कागदावर भाचा होतो आणि करार नोंदला जात नाही. परंतु १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंद नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. शिवाय बुडविलेली पट्टी प्रामाणिक शेजाऱ्याच्या माथी बसते, ती वेगळीच.

सरळ मार्ग कष्टाचे असले तरी आहेत: आकारणीची नोटीस तपासून मुदतीत हरकत घेणे, पट्टी वेळेवर भरून पावती जपणे आणि करवाढ कोणी सोसावी हे करारातच लिहून घेणे. महापालिकांनीही आकारणीचा हिशेब सामान्य माणसाला समजेल असा मांडावा. ज्याला आपल्या कराचा हिशेब कळतो, त्याला तो चुकविण्याचे निमित्त उरत नाही.