कानाने मोजायचा पक्षी

काही वर्षांपूर्वी याच मासिकाच्या मुखपृष्ठावर आम्ही रातव्याचं एक छायाचित्र छापलं होतं. दोन अंड्यांवर बसलेला पक्षी, डोळे मिटून नुसती रेघ उरलेली, पाठीवरची वाळल्या पाचोळ्यासारखी नक्षी पीस न् पीस मोजता यावं इतकी स्वच्छ. कौतुकाची पत्रं आली. एका वाचकाने मात्र एवढंच विचारलं होतं, की पक्ष्याच्या पुढ्यातलं गवत विळ्याने कापल्यासारखं का दिसतंय? भिंग लावून पाहिलं, तर गवताची बुडखं ताजी होती. छायाचित्रकाराला फोन केला. चित्र मोकळं यावं म्हणून थोडं गवत काढलं होतं, असं त्याने सहज सांगितलं. पुढे त्या अंड्यांचं काय झालं, हे त्याला ठाऊक नव्हतं. छापण्याआधी आम्हीही विचारलं नव्हतं. चूक त्याच्याइतकीच आमची होती.

त्या चार काड्यांचं मोल किती, हे दक्षिण झांबियातल्या चोमा गावाजवळच्या रानात झालेल्या कामामुळे नीट कळलं. तिथे संशोधकांनी रातवे, टिटव्या आणि धाविक यांची जमिनीवरची अंडी शोधली, आणि शिकारी प्राण्याच्या डोळ्याला ती कशी दिसत असतील याचा हिशोब मांडला. टिटवी आणि धाविक धोका दिसला की लांबूनच उठून जातात. त्यांची अंडी वाचतात ती अंड्यांच्या रंगावर. रातव्याचं उलट. तो अगदी पाय पडायची वेळ येईपर्यंत हलत नाही. त्यामुळे अंडी वाचणार की जाणार, हे वर बसलेल्या पक्ष्याची नक्षी भोवतालच्या जमिनीशी किती जुळते यावर ठरतं. हे 2016 साली प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी त्याहून नवलाची गोष्ट पुढे आली: प्रत्येक रातवा आपापल्या पिसांना जुळेल अशी जागा निवडतो. म्हणजे एकाच जातीचे दोन पक्षी, एक किंचित भुरा आणि एक किंचित राखी, वेगवेगळ्या जमिनीवर जाऊन बसतात.

रातवा घरटं बांधत नाही, काडी आणत नाही, खळगाही धड करत नाही, म्हणून आपण त्याला आळशी म्हणतो. पण त्याने निवडलेली ती वीतभर जमीन हेच त्याचं घरटं. तिथलं गवत उपटणं म्हणजे घरट्याची भिंत पाडणं. पक्षी उठवून ‘उघड्या अंड्यांचा’ फोटो घेणं तर त्याहून वाईट, कारण पांघरूण तो स्वतःच असतो.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण, उन्हाळा लागला. माळावर रातव्यांचे आवाज वाढलेत आणि कॅमेरे घेऊन रात्री बाहेर पडणाऱ्यांची संख्याही. त्यात वाईट काही नाही. पण रातव्याचा डोळा अंधारासाठी घडलेला आहे. आत येऊन गेलेला प्रकाश पुन्हा डोळ्यात परतवणारा पडदा मागे असतो, म्हणून विजेरीच्या झोतात तो निखाऱ्यासारखा पेटलेला दिसतो. त्या डोळ्यावर पाच माणसांनी दहा मिनिटं झोत धरला की पक्षी ‘शांत बसून राहिला’ असं आपण लिहितो. तो शांत नसतो, आंधळा झालेला असतो. गोव्याच्या जंगलातल्या फ्रॉगमाउथची तीच गत, फक्त दिवसाउजेडी. बेडकासारख्या रुंद तोंडाची ही जोडी अंगाला अंग लावून एकाच फांदीवर दिवसचे दिवस बसते, म्हणून वाटाड्याला ते झाड पाठ असतं आणि येणारा प्रत्येक गट त्याच झाडाखाली नेला जातो. वाटाड्यांचं पोट त्यावर आहे हे मान्य. पण दिवसाला किती गट, याला काही मर्यादा हवी की नको?

आमचं म्हणणं असं, की रातव्याची खरी नोंद डोळ्याची नाहीच, कानाची आहे. ब्रिटनचंच पाहा. तिथला रातवा तिन्हीसांजेला शिवणयंत्रासारखी सलग घरघर लावतो. ती घरघर ऐकत, माळ आणि तरुण झाडोरा पायाखाली घालत, स्वयंसेवकांनी 1981 साली सुमारे 2,100 गाणारे नर मोजले. 1992 साली 3,400 भरले आणि 2004 साली 4,606. माळांची निगा राखली गेली, झाडं तोडून मोकळ्या झालेल्या वनक्षेत्रांत पक्ष्यांना जागा मिळाली, आणि आकडा वर गेला. एकाही पक्ष्यावर दिवा न मारता हे कळलं. आपल्याकडे असा आकडा नाही. माळरानाला सरकारदरबारी ‘पडीक’ म्हणायची सवय अजून गेलेली नाही, तिथे सौर पट्ट्या बसतात, नाहीतर झाडं लावली जातात, आणि तिथून किती रातवे उठून गेले हे सांगायला आपल्या हातात कागद नसतो.

आवाज ओळखायला कठीण नाहीत. आपला नेहमीचा भारतीय रातवा फरशीवर गोटी टाकल्यासारखा बोलतो: आधी सुटे ठोके, मग अंतर कमी कमी होत शेवटी नुसता थरथराट. फ्रँकलिनचा रातवा उडता उडताही एकच तीक्ष्ण ‘च्वीप’ काढतो. जंगली रातव्याचे ठोके एकसारखे, बराच वेळ चालणारे. फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. मात्र पक्षी बोलवायला तोच आवाज पुन्हा पुन्हा वाजवू नका. हद्द राखायला धावून येणाऱ्या नराचा तो वेळ पोट भरायचा असतो.

आणि तो वेळ मोजकाच. स्वीडनमधल्या रातव्यांच्या अंगावर बारीक नोंदयंत्रं बसवून केलेला अभ्यास 2019 साली आला. चांदण्या रात्री त्यांचं भक्ष्य पकडणं काळोख्या रात्रीच्या दुपटीहून जास्त होतं. शरदातल्या स्थलांतराला ते एकदम निघत ते पौर्णिमेनंतर साधारण अकरा दिवसांनी, म्हणजे आपल्या हिशोबाने वद्य एकादशीच्या सुमाराला. तेव्हा नोंदवहीत तारखेशेजारी तिथीही लिहा. कालनिर्णय घरात असतंच.

आता रस्त्याबद्दल. डांबर रात्री ऊब धरून ठेवतं, वर किडे उडत असतात, रातवा तिथे येऊन बसतो आणि गाडीच्या झोतात उठायला उशीर करतो. सकाळी त्याचा चपटा झालेला देह आपण ‘अरेरे’ म्हणून ओलांडतो. तसं करू नका. 1990 साली इथिओपियातल्या नेचिसारच्या माळावर एका मोहिमेतल्या लोकांना वाटेवर असाच चिरडलेला रातवा सापडला. धड राहिला होता एकच पंख. तो त्यांनी नेला, पुढे लंडनच्या संग्रहालयातल्या नमुन्यांशी ताडून पाहिला, कुठल्याच ओळखीच्या जातीशी जुळेना, आणि 1995 साली नवी जात जाहीर झाली: सोलाला, लॅटिनमध्ये ‘फक्त पंख’. एका पंखावर जात उभी करावी का, हा वाद आहेच. वादाला आधारही आहे. 1929 साली शिनज्यांगमध्ये मिळालेल्या एकुलत्या एका मादीवरून चार्ल्स व्होरी यांनी 1960 साली वेगळी जात ठरवली, तिच्या शोधात माणसं वाळवंटात हिंडून रिकाम्या हाताने परतली, आणि शेवटी डीएनएने सांगितलं की तो युरोपीय रातवाच. दोन्ही गोष्टींतून मी एकच घेतो: पुरावा जपून ठेवा, नाव ठेवायची घाई करू नका.

मेलेला रातवा दिसला तर गाडी सुरक्षित उभी करा आणि शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो घ्या. पंख उघडून वरून-खालून, आणि शेपटी पसरून. शेपटी विसरू नका: फ्रँकलिनच्या रातव्याच्या नराची बाहेरची पिसं जवळजवळ पूर्ण पांढरी असतात, भारतीय रातव्याची फक्त टोकं. पक्षी मात्र उचलून घरी नेऊ नका, परवानगीशिवाय तो बाळगणं कायद्यात बसत नाही. जवळच्या वनकर्मचाऱ्याला कळवा.

जाता जाता एक. जगातल्या एका रातव्याच्या शास्त्रीय नावात आपण आहोत: काप्रिमुल्गस माहरॅटेन्सिस. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी 1832 साली हे नाव दिलं. पक्षी मूळचा सिंध आणि त्यापलीकडच्या कोरड्या मुलखातला, आपल्याकडे हिवाळी पाहुणा. येत्या थंडीत वाळूच्या रंगाचा, फिकट रातवा कुणाला दिसलाच तर शेपटीचा आणि पंखाचा तपशील लिहून पाठवा.

पुढच्या अंकापासून रातव्यांच्या नोंदींचं एक पान सुरू करत आहोत. ठिकाण, तारीख, तिथी, वेळ, ऐकलेले आवाज आणि किती वेळ उभं राहून ऐकलंत, एवढं हवं. काही ऐकू आलं नाही, तर तेही लिहा. अंड्यांवरच्या रातव्याचं छायाचित्र यापुढे या मासिकात छापलं जाणार नाही, कितीही चांगलं असलं तरी.